मांडीवर का सीटवर?

“बच्चे से ज्यादा तो कुर्सी को सँभाल रही है.”

नागपूर विमानतळाच्या काचेच्या दाराशी, रांगेत माझ्या मागे उभी असलेली बाई नवऱ्याला हळूच म्हणाली. हळू, पण मला ऐकू येईल इतकं. तिचं काही चुकलं नव्हतं. चौदा महिन्यांची माझी रिया माझ्या आईच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती, आणि माझे दोन्ही हात तिच्या कारसीटला, गाडीत बाळाला बांधून बसवायच्या खुर्चीला, विळखा घालून होते. ती ट्रॉलीवरून सारखी घसरत होती.

मी मागे वळून पाहिलं नाही. मी सहसा पाहत नाही. बाबांनी पाहिलं.

“विमानातबी लागते ते, ताई,” ते म्हणाले. “लेकराले त्याच्यातच बसवा लागते. मांडीवर चालत नाही. नियम हाय.”

एसटीत प्रवाशांना ‘हात बाहेर काढू नका’ म्हणताना त्यांचा जो आवाज लागायचा, तोच आवाज. राग नाही, पण पुढे बोलायला जागाही नाही. ती बाई “अच्छा, अच्छा भैया” म्हणून गप्प झाली. बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू तू जा, इकडचं मी पाहतो.

मी ट्रॉली सावरली. त्या बाईला बाबांनी जे सांगितलं ते त्यांना मीच सांगितलं होतं, महिन्याभरापूर्वी, याच विमानतळाबाहेरच्या पार्किंगमध्ये. आणि ते खोटं होतं. दारातून आत गेल्यावर दहा मिनिटांत ती खुर्ची प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून मी सामानात देणार होते. रिया मुंबईपर्यंत आणि तिथून पुढे शिकागोपर्यंत माझ्या मांडीवर बसून जाणार होती, येताना आली होती तशीच.

आत गेल्यावर मी मुद्दाम कोपऱ्यातल्या काउंटरच्या रांगेत उभी राहिले. ती रांग मोठी होती. पण मध्ये एक खांब होता, आणि बाहेर काचेला कपाळ टेकवून उभ्या असलेल्या बाबांना तिथलं दिसणार नव्हतं.

हे २००९ सालचं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेलेत त्यांनी विमानतळावर काय काय लपवलं असेल, मला माहीत नाही. लोणचं लपवणारे पुष्कळ भेटले. मी खुर्ची लपवली.

*

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. गोंदिया–नागपूर ही त्यांची गाडी. आमचं गाव सडक अर्जुनीजवळ, हायवे सोडून चार किलोमीटर आत. मला मात्र त्यांनी गोंदियाला मावशीकडे ठेवून इंग्लिश शाळेत घातलं. शाळेत इंग्रजी, मधल्या सुट्टीत मैत्रिणींची हिंदी, मावशीच्या घरी आमच्या भागातली झाडीबोली. मला तिन्ही भाषा यायच्या आणि कुठल्याही भाषेत मी फारसं बोलत नसे. चुकलं तर लोक हसतात हे मी फार लवकर शिकले होते. हे मराठीत लिहितानासुद्धा मी प्रत्येक वेलांटी दोनदा बघते आहे.

शनिवारी शाळा सुटली की मी बाबांच्या गाडीने घरी जायची. माझी जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनच्या बोनेटवर. त्यावर बाबा चौघडी करून सतरंजी टाकत, तरी खालून चटका लागायचाच. तिथून समोरची अख्खी काच माझी असे. बाबा गाडी चालवताना बोलत नसत. मला तेच आवडायचं.

बोलायचे मेश्राम काका. ते बाबांचे कंडक्टर, वीस वर्षांचे जोडीदार. गाडीत लेकुरवाळी बाई चढली की काका पंच वाजवत तिच्यापुढे उभे राहत आणि विचारत, “मांडीवर का सीटवर?”

मांडीवरच्या लहान लेकराला तिकीट नसे. सीटवर बसवायचं तर अर्धं. त्यामुळे उत्तर ठरलेलं, “मांडीवर, भाऊ!” काका पुढे सरकले की लेकरू हळूच सीटवर उतरायचं. काका परत फिरले की आई ते ओढून मांडीवर घ्यायची, कधी दोन, कधी तीन. “बाई, तुमची मांडी हाय का मालगाडीचा डबा?” काका म्हणत आणि सगळी गाडी हसायची. बाबासुद्धा आरशात बघून हसत. गर्दी असली की उभ्या बाईचं लेकरू बसलेल्या अनोळखी बाईच्या मांडीवर जायचं, तिथून तिसरीच्या. उतरताना ज्याचं त्याला परत. कोणी नाव विचारत नसे.

बाबांच्या छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला असायचा. आई तो दर रविवारी चिंचेने घासायची. आमच्या घरात बढाई मारायची वस्तू तेवढीच.

मी नववीत होते. म्हणजे ते १९९९ असावं. साकोलीच्या जंगलातल्या वळणावर ट्रक आणि जीप समोरासमोर धडकले होते. आमची गाडी पहिली पोचली. बाबांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि उतरता उतरता मला म्हणाले, “बाई, डोळे मीट.” मेश्राम काका त्यांच्या मागे धावले. मी डोळे मिटले नाहीत. समोरची अख्खी काच माझी होती.

मी काय पाहिलं ते लिहीत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर बाबा न्हाणीत फार वेळ हात धूत होते. नंतर चुलीपाशी बसून आईला म्हणाले, “लेकरू माईच्या मांडीवरच होतं. मांडीवरून सुटलं.” मी दाराआड उभी होते. त्यांना वाटत होतं की मी डोळे मिटले होते. ते पुन्हा त्यावर कधी बोलले नाहीत, आणि मीही नाही.

*

२००५ मध्ये लग्न झालं. मुलगा तुमसरचा, नोकरी अमेरिकेत, शिकागोहून पुढे ओहायोला. मला विमानतळावर सोडायला बाबांनी कोणाची तरी जीप मागून आणली आणि स्वतः चालवली. मी पुढे त्यांच्या शेजारी बसले. बोनेट नव्हतं, चटका नव्हता. दीडशे किलोमीटरमध्ये ते दोनच वाक्यं बोलले. एक भंडाऱ्याला, “चहा घेतं का?” आणि दुसरं दाराशी, “पोचली की फोन करजो. रस्त्यात करू नको.” दुसरं वाक्य ते सगळ्यांना म्हणत. रस्त्यात माणसाने रस्ता पाहावा असं त्यांचं मत होतं.

ओहायोत रस्ते रुंद होते आणि माणसं गाडीत एकेकटी. मी पोचले, मी फोन केला. रविवारी सकाळी आमचा फोन ठरून गेला. तो गावाकडे संध्याकाळी वाजे.

रिया झाली तेव्हा हॉस्पिटलमधून निघताना नर्स आमच्याबरोबर खाली पार्किंग लॉटपर्यंत आली. तिने कारसीट हलवून पाहिली, पट्टा ओढून पाहिला, छातीवरची क्लिप वर सरकवली, मगच आम्हाला जाऊ दिलं. आम्ही आठवडाभर घरी सराव केला होता. बाळ नव्हतं म्हणून पाच किलो तांदळाची पिशवी खुर्चीत बांधायचो. पट्टा आणि पिशवी यांच्यात दोन बोटं जायला हवीत, जास्त नाही. नवरा हसत होता. मी हसत नव्हते. बकल ‘खट’ वाजलं की साकोलीचं ते वळण थोडंसं मागे पडायचं.

रियाला पुढे मोठी खुर्ची घेतली आणि गावी यायचं ठरलं. नवऱ्याला रजा नव्हती. मी एकटी तिला घेऊन येणार होते. दोन वर्षांखालचं मूल विमानात मांडीवर चालतं, म्हणून तिचं वेगळं सीट घेतलं नाही. खुर्ची मात्र सोबत घ्यायचीच, गावातल्या रस्त्यांसाठी. फोनवर तिकीट काढणाऱ्या मुलीने विचारलं, बाळ मांडीवर की स्वतंत्र सीटवर? मला एकदम बोनेटचा वास आला. “मांडीवर,” मी म्हणाले. इंग्रजीत.

त्याच रविवारी बाबा म्हणाले, “बाई, मी ठरवलं हाय. नातीनले मी नागपूरहून मांडीवर घेऊन येईन.”

“आणि गाडी कोण चालवणार, बाबा?”

“ड्रायव्हर करतो.”

मागून आई ओरडली, “ऐकलं का वो! जलमभर दुसऱ्याच्या गाडीत डोळा नाही लागला यांचा, आता ड्रायव्हर करून राहिले!”

“आजवर सगळ्या गावाचे लेकरं पोचवले,” बाबा म्हणाले, “पण रस्त्यात आपलं लेकरू काही हातात आलं नाही. हात रिकामेच नव्हते. तूबी बोनेटवरच बसली.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. खुर्चीबद्दल सांगायचं तर चार वाक्यं लागली असती, आणि त्यातलं एक त्या वळणाबद्दल असतं. मी म्हणाले, “हो बाबा.” रविवारमागून रविवार ते तेच बोलत राहिले आणि मी ‘हो’ म्हणत राहिले. त्यांनी तीन ड्रायव्हर नाकारले. एक क्लचवर पाय ठेवून चालवत होता, एक वळणावर बोलत होता, तिसऱ्याचं काय बिघडलं ते कळलं नाही. शेवटी एक पन्नाशीचा, मिशीवाला, गप्प माणूस त्यांना पटला. आईने बाबांच्या जुन्या खाकी गणवेशांची छोटी गोधडी शिवली. रस्त्यात रियाला खाली टोचू नये म्हणून.

*

नागपूरला सामानाच्या पट्ट्यावर खुर्ची सगळ्यांत शेवटी आली. मी तिथेच बसून पिशवी फाडली, बकल तीनदा लावून पाहिलं. रिया माझ्या कमरेवर होती, दोन रात्रींची जागी, माझ्या कुर्त्यावर तिच्या दुधाचे डाग.

बाहेर बाबा उभे होते, शेजारी आई. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर ती खाकी गोधडी. त्यांनी हात पुढे केले आणि रिया गेली, चटकन, जशी ती कोणाकडे जात नसे. बाबा तिला घेऊन गाडीकडे चालू लागले. मी मागून खुर्ची ओढत होते.

इंडिका होती. सीटला नवीकोरी कव्हरं, मरून रंगाची. ती बाबांनी खास आमच्यासाठी मालकाच्या मागे लागून घालून घेतली होती. मागचे बेल्ट त्या कव्हरांखाली गेले होते.

“बेल्ट कुठे आहे?” मी ड्रायव्हरला विचारलं.

“मागचा बेल्ट कोन लावते, मॅडम?”

बाबा तोवर मागच्या सीटवर बसले होते. मांडीवर गोधडी पसरलेली, गोधडीवर रिया. त्यांनी पाय सुद्धा नीट टेकवून घेतले होते, लांबच्या प्रवासाला बसतात तसे.

“बाबा, तिला यात बसवायचं आहे.”

“कायले वो? मी आहो ना. मी धरतो तिले.”

“तिकडे नियम आहे, बाबा.”

“तिकडं हाय. इकडं कोन पाहून राहिलं?” ते हसत होते. मग त्यांनी सहज विचारलं, भांडण म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, “विमानात कशी आणली? मांडीवरच ना?”

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. ढगांत मांडीवर चालते, आणि बापाच्या मांडीवर चालत नाही? याला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते मला त्यांच्याच तोंडून ऐकलेलं होतं, चुलीपाशी, दाराआडून. बाबा, तुम्हीच म्हणाला होता, मांडीवरून सुटलं. हे मी त्या पांढऱ्या शर्टाला म्हणू शकले नाही.

“नाही,” मी म्हणाले. “विमानातही यातच बसून आली. मांडीवर घेऊच देत नाहीत.”

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, दिवा विझवल्यावर काच गरम राहते तसं. मग ते म्हणाले, “नियम हाय तर हाय.” रियाला आईकडे दिलं. ड्रायव्हरकडून पाना-पेचकसची पिशवी मागून घेतली, त्यातलं पातं काढलं आणि नव्या कव्हराची शिवण एका बाजूने उसवली. आतला बेल्ट हाताने चाचपून बाहेर काढला. त्याच्यावरची धूळ आपल्या रुमालाने पुसली.

“अजी, नवं कव्हर होतं ना ते!” आई म्हणाली.

“असू दे.”

खुर्ची खिडकीशी बसली, आई दुसऱ्या खिडकीशी, मध्ये बाबा. मी पुढे. पट्टा आवळल्याबरोबर रियाने जो आकांत सुरू केला तो भंडाऱ्यापर्यंत. आई म्हणत होती, “सोड ना वो तिले, कायले बांधून ठेवलं पोरीले.” मी समोर पाहत होते. आरशात मला बाबा दिसत होते. मधल्या उंचवट्यामुळे गुडघे वर आलेले, आणि गुडघ्यांवर ती गोधडी, घडी घातलेली. एक बोट त्यांनी रियाच्या मुठीत दिलं होतं. ड्रायव्हरने ओव्हरटेक घेतला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा, तिथे नसलेल्या ब्रेकवर. लाखनीपुढे रिया झोपली. तिने बोट सोडलं नाही, म्हणून बाबांनी हातही हलवला नाही. साकोलीचं ते वळण आलं तेव्हा मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा आरशात बाबा माझ्याकडे पाहत होते.

घरी पोचल्यावर त्यांना हात सरळ करायला वेळ लागला.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात. महिनाभर रिया त्यांच्याच मांडीवर तर होती. ओसरीवर, तलावाच्या पाळीवर, डेपोतल्या चहाच्या टपरीवर. खरं आहे. पण त्या महिन्यात गावातली एकही बाई अशी आली नाही जिने खुर्ची पाहून विचारलं नाही. “बापाच्या मांडीवर भरवसा नाही का वो पोरीले?” एक काकू तर सरळ माझ्यासमोर म्हणाल्या. दर वेळी बाबाच उत्तर देत. “विमानातबी ते खुर्चीवरच आली. मांडीवर कोनालेच घेऊ देत नाहीत.” ‘कोनालेच’वर जोर. मी चहाचे कप गोळा करायला आत जायची.

निघायच्या दिवशी मी बॅगा बांधून बाहेर आले, तर बाबांनी खुर्ची गाडीत बसवूनही टाकली होती. गुडघा टेकवून, बेल्ट ताणून, मी करते त्याहून पक्की. रियाच्या खांद्यापाशी पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहत होते. “दोनच गेले पायजेत ना?” त्यांनी विचारलं.

आणि मग ती काचेच्या दाराशी उभी असलेली बाई, आणि तो खांब.

*

पुढची तीन वर्षं दर रविवारी मी त्यांना सांगणार होते.

“बाबा, एक सांगायचं होतं.”

“सांग ना बाई.”

“काही नाही. धान कसं आहे यंदा?”

“धान बरं हाय. खुर्चीत बसते का रिया आता, का रडते?”

“बसते.”

“हुशार हाय.”

ओहायोत माझं आयुष्य त्या खुर्चीभोवतीच फिरत होतं. डेकेअर, ग्रोसरी, डॉक्टर, बर्फातल्या पार्किंग लॉटमध्ये बधिर बोटांनी दाबलेलं बकल. दिवसातून आठदहा वेळा ‘खट’. प्रत्येक वेळी मला मरून कव्हराची उसवलेली शिवण आठवत असे, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण आठवायची, आणि कधी ते सांगून येत नसे.

२०१२ च्या हिवाळ्यात बाबा गेले. सडक अर्जुनीच्या स्टँडवर सकाळचा चहा घेताना, हातातला कपसुद्धा न सांडता. फोन आईनेच केला. “बाई, आता ये,” एवढंच म्हणाली. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता.

येताना रियाला स्वतःचं तिकीट होतं. चार वर्षांची झाली होती ती. एअरहोस्टेसने खुर्चीवरचं लेबल वाचलं, मान डोलावली, आणि मी विमानाच्या सीटवर खुर्ची ठेवून बेल्ट ताणला, गुडघा टेकवून, बाबांसारखा. चौदा तास रिया खुर्चीत बसून आली. बाबांनी लोकांना सांगितलेलं एकदाचं खरं झालं होतं, आणि ते ऐकायला ते नव्हते. माझी मांडी सगळा वेळ रिकामी होती. तिच्यावर काय ठेवावं ते मला कळत नव्हतं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या. बुद्धवंदना झाली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं चहाचे कप घेऊन हळू आवाजात बोलत बसली. डेपोतले पुष्कळ आले होते. बाबांच्या फोटोखाली आईने तो बिल्ला ठेवला होता, घासून लख्ख केलेला. रिया ओसरीच्या कडेला खाकी गोधडीवर बसली होती. तिला ती कुठे सापडली कोण जाणे.

मेश्राम काका माझ्याजवळ येऊन बसले. केस सगळे पांढरे झाले होते. रियाकडे बघून म्हणाले, “हेच का खुर्चीवाली?”

“हो, काका.”

“तुह्या बापानं अख्ख्या डेपोले ऐकवलं ते. विमानातबी खुर्चीवर बसून आली माही नातीन.” शेजारचे दोघं-तिघं मान हलवून हसले. त्यांनाही ते पाठ होतं. “पहिल्या दिवशी मात्र लागलं होतं त्याले. माह्याजवळ बोलला. म्हने, मेश्राम, जलमभर वाट पाहिली अन् मांडी रिकामी घेऊन आलो. मी म्हनलो, अरे पोरगी शिकलेली हाय, तिकडचा कायदा असंल. मग दोन दिवसांनी टपरीवर मलेच समजावून राहिला. म्हने, बाईचं बरोबर हाय. त्या वळणावर ते बोनेटवर बसली होती ना. मी म्हनलो होतो डोळे मीट. तिनं मिटले नसतील. म्हनून मी आता काही बोलत नाही.”

काकांनी कप खाली ठेवला.

“अन् तसंबी, म्हने, माह्या एकट्याची मांडी थोडीच नाही म्हटली तिनं. विमानातबी कोनाच्याच मांडीवर नाही बसली पोर. त्यानं समाधान केलं बघ आपलं. त्याच्यावरच राहिला शेवटपर्यंत.”

अंगणात बरीच माणसं होती. ओळखीची, अर्धवट ओळखीची. त्यांतल्या कित्येकांना बाबांनी नागपूरला नेऊन आणलं होतं, त्यांच्या आयांच्या मांड्यांवर ती सुखरूप परत आली होती. एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. गप्प राहणं सोपं होतं. बाबांचं समाधान तसंच राहिलं असतं, फोटोखाली, बिल्ल्याशेजारी. महिन्याभराने मी विमानात बसले असते, पोचल्यावर कोणाला फोन करायचा हा प्रश्न घेऊन.

मला वाटायचं, आपण निघून जातो तेव्हा घर मागे राहतं आणि आपण त्याची राखण फोनवरून करतो. त्या दिवशी अंगणात मला दिसलं की माझ्या घराची एक भिंत मी स्वतःच खोटी बांधून गेले होते, आणि बाबा तीन वर्षं तिला टेकून बसले होते. त्यांना माझी भीती कळली होती. मी पाहिलं होतं हेही कळलं होतं. मी जे सांगायला घाबरत होते ते सगळं त्यांना आधीच माहीत होतं. माहीत नव्हती ती एकच गोष्ट, विमानातली. ती कळली असती तर त्यांना लागलं असतं, हे खरं. पण ती त्यांची होती, आणि मी ती दिली नाही. आता घर म्हणजे जिथे ती द्यायची राहिली ती जागा. ती ओहायोत देता येणार नाही.

काका अजून माझ्याकडे पाहत होते. वीस वर्षं त्यांनी तिकिटाआधी प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारला होता, आणि खोटं उत्तर त्यांना दुरूनही कळायचं. त्यांनी मला तो कधी विचारला नव्हता.

मी उठून उभी राहिले. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. आईनेही वर पाहिलं.

“काका, मांडीवर. विमानात रिया पूर्ण वेळ माझ्या मांडीवर होती. मी बाबांशी खोटं बोलले.”